आम्लाचे मोजमाप कोणासाठी?



हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लागला की पिवळा डाग लाल होतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. त्याच डागावर लिंबू पिळले तर तो पुन्हा पिवळा पडतो. हळदीला चुना लावला की ती लालभडक होते, आणि याच गुणावर आपल्याकडे हळदीपासून कुंकू करण्याची रीत उभी राहिली. ज्या शास्त्राचा इतिहास मी आज सांगणार आहे, त्याची पहिली प्रयोगशाळा अशी घरोघरी आहे. चुना आणि साबण एका बाजूचे, लिंबू आणि चिंच दुसऱ्या बाजूची, आणि हळद ही त्यांच्यातला भेद दाखविणारी साक्षीदार.

मी कामगार चळवळीतला माणूस आहे. रसायनशास्त्र मला कोणी वर्गात बसवून शिकविले नाही. ते मी सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांवरून आणि कापड धुण्या-रंगविण्याच्या खात्यांत काम करणाऱ्या लोकांकडून शिकलो. त्यामुळे या विषयाकडे पाहताना माझ्या मनात एक प्रश्न सतत असतो. आम्ल किती आहे, हे मोजण्याची विद्या माणसाने कोणासाठी निर्माण केली आणि ती कोणाच्या उपयोगी पडली? मोजमापाच्या इतिहासातच या प्रश्नाचे उत्तर सापडते, असे मला वाटते.

प्रथम शब्दांचा एक घोळ दूर करू. शाळेच्या पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार असे तीन शब्द येतात. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की दोघांचाही दाह मावळतो आणि जो तिसरा पदार्थ तयार होतो त्याला तिथे क्षार म्हणतात. आपले मीठ हा त्यातलाच एक. पण वैद्यांच्या भाषेत क्षार म्हणजे नेमके उलट, म्हणजे राखेतून काढलेला दाहक पदार्थ. वाण्याच्या दुकानातले पापडखार आणि सज्जीखार हे शब्द त्या जुन्या अर्थाचे आहेत. युरोपात रूढ असलेला अल्कली हा शब्दही अरबी भाषेतून आलेला आहे आणि त्याचा मूळ अर्थ वनस्पतीची राख असाच आहे. मी आज अल्कली हाच शब्द वापरीन, म्हणजे गोंधळ होणार नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय या अल्कलीच्या कृतीला वाहिलेला आहे. वनस्पती जाळून त्यांची राख पाण्यात कालवावी, गाळावी, आटवावी. अधिक तीव्र क्षार हवा असेल तर त्यात भाजलेला चुनखडा किंवा शिंपा घालाव्यात, असे तिथे सांगितले आहे. क्षाराचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन प्रकार केलेले आहेत. राखेच्या पाण्यात चुना घातला की कार्बोनेटचे दाहक अल्कलीत रूपांतर होते, हे आजचे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगेल. त्या अध्यायातली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. क्षाराने भाजलेल्या जागी आंबट द्रव्य लावावे म्हणजे त्याची तीक्ष्णता जाते, असे सुश्रुत सांगतो आणि आंबट द्रव्याने हे का व्हावे याची मीमांसाही करतो. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला, त्याचा पहिला खंड १९०२ साली निघाला. त्यांनी या क्षारप्रकरणाकडे जगाचे लक्ष वेधले. म्हणजे मृदू आणि तीक्ष्ण यांतला भेद आपल्याकडे माहीत होता, एकाने दुसरा शमतो हेही माहीत होते. परंतु किती तीक्ष्ण, हे आकड्यात सांगण्याची सोय नव्हती. ती जगात कुठेच नव्हती.

इंग्लंडात रॉबर्ट बॉइलने १६६४ साली रंगांविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. व्हायोलेट फुलांचे सरबत आम्लाने लाल आणि अल्कलीने हिरवे होते, हे त्याने त्यात नोंदविले आणि अशा रंगबदलाचा परीक्षेसाठी पद्धतशीर उपयोग करता येतो हे दाखविले. आपल्या हळदीचेच हे युरोपीय भावंड. पण सरबत 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते. किती आहे, ही विचारणा बाजारातून आली. १७२९ साली फ्रान्समध्ये क्लोद जोझेफ जोफ्रॉय याने शिरक्याची तीव्रता ठरविण्यासाठी त्यात पोटॅशची पूड थोडी थोडी टाकली आणि फेस येणे थांबेपर्यंत किती पूड लागली हे पाहिले. अधिक पूड लागली तो शिरका अधिक कडक, म्हणून अधिक किमतीचा.

यानंतर कापडाचा धंदा आला. त्या काळी कापड पांढरे करण्यासाठी ते राखेच्या अल्कलीत उकळीत, कुरणावर उन्हात पसरीत आणि शेवटी आंबट ताकात भिजवीत ठेवीत. ताकात मुरण्यालाच आठवडेच्या आठवडे जात. स्कॉटलंडमधल्या फ्रान्सिस होमने १७५६ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि ताकाच्या जागी पाणी घातलेले गंधकाम्ल वापरता येते हे दाखविले. गंधकाम्ल स्वस्त होऊ लागलेलेच होते, कारण १७४६ मध्ये जॉन रोबकने बर्मिंगहॅमला काचेच्या भांड्यांऐवजी शिशाच्या खोल्यांत ते करण्याची रीत सुरू केली होती. आठवड्यांचे काम तासांवर आले. पण आम्ल जास्त झाले तर कापड जळते, कमी झाले तर पांढरे होत नाही. म्हणून मोजणे अवश्य झाले. आज प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी जी बारीक नळी हातात धरून थेंब थेंब द्रव सोडतात, तिचे पूर्वज फ्रान्समधल्या रूआं या कापडाच्या गावी देक्रोआझीय या रसायनतज्ज्ञाने तयार केले. विरंजनाच्या द्रावणाची शक्ती तपासणे हाच त्याचा हेतू होता.

मोजणारे पुढे गेले तरी मोजतो आहोत ती वस्तू काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लाव्हाझियेला वाटले की प्रत्येक आम्लात एक विशिष्ट वायू असतो आणि तोच आंबटपणाचे कारण आहे. म्हणून त्याने त्या वायूला ऑक्सिजन, म्हणजे आम्ल निर्माण करणारा, असे नाव दिले. १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने दाखवून दिले की मिठापासून निघणाऱ्या आम्लात ऑक्सिजनचा मागमूसही नाही, त्यात हायड्रोजन आणि क्लोरिन आहेत. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. आज आपण श्वासाबरोबर जो प्राणवायू घेतो, त्याचे युरोपीय नाव एका खोट्या ठरलेल्या सिद्धांताचे स्मारक आहे. १८३८ मध्ये लीबिगने सांगितले की धातूने ज्याची जागा घेता येते असा हायड्रोजन असणे हे आम्लाचे खरे लक्षण होय.

आता मी या इतिहासातल्या त्या प्रकरणाकडे येतो की जे रसायनशास्त्राच्या पुस्तकात चार ओळींत उरकले जाते. साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा हवा होता आणि राखेतून मिळणारा सोडा पुरेनासा झाला होता. निकोला लब्लां या फ्रेंच वैद्याने मिठापासून सोडा करण्याची कृती शोधून १७९१ साली तिचे पेटंट मिळविले. मिठावर गंधकाम्ल घालून तापवावयाचे. जो घन पदार्थ राहतो तो चुनखडी आणि कोळसा यांच्याबरोबर भाजावयाचा. काळी राख होते ती पाण्यात धुवून सोडा काढावयाचा. लब्लांला पैसा पुरविणाऱ्या ऑर्लियन्सच्या ड्यूकचा १७९३ मध्ये गिलोटिनखाली वध झाला, कारखाना सरकारजमा झाला आणि १८०६ मध्ये लब्लांने आत्महत्या केली. त्याच्या कृतीवर श्रीमंत झाले ते इंग्लंडातले कारखानदार. जेम्स मस्प्रॅटने १८२३ साली लिव्हरपूलला कारखाना काढला, आणि पुढे सेंट हेलन्स व विडनेस ही गावे या धंद्याची केंद्रे झाली.

या कृतीच्या पहिल्याच पायरीवर मिठातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. त्याला गिऱ्हाईक नव्हते, म्हणून तो धुराड्यातून सरळ हवेत सोडीत. हवेतल्या ओलाव्याशी मिसळून तो शेतांवर, झाडांवर उतरे. झाडे वाळली, कुंपणे करपली, जमीनमालक न्यायालयात गेले. विल्यम गॉसेजने १८३६ साली यावर उपाय काढला होता. उंच मनोऱ्यात कोक वगैरे भरून वरून पाणी सोडावे आणि खालून वायू न्यावा, म्हणजे पाणी तो शोषून घेते. उपाय स्वस्त होता, परंतु सक्ती नसल्याने तो नीट वापरणारे थोडे. अखेर लॉर्ड डर्बी या बड्या जमीनदाराने १८६२ मध्ये उमरावांच्या सभागृहात चौकशी समिती नेमवून घेतली आणि १८६३ मध्ये अल्कली कायदा झाला. निघणाऱ्या आम्लवायूपैकी निदान ९५ टक्के वायू शोषून घेतलाच पाहिजे, असे त्याने ठरविले. पाहणीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाला मुख्य निरीक्षक नेमले. आम्लवर्षा हा शब्द ज्याच्या १८७२ च्या ग्रंथामुळे रूढ झाला, तोच हा स्मिथ.

हा कायदा मोठाच होता, यात शंका नाही. उद्योगाने हवेत काय सोडावे हे सरकार आकड्यात सांगू शकते, आणि तो आकडा तपासण्यासाठी विज्ञान जाणणारा अधिकारी नेमू शकते, ही गोष्ट या कायद्याने जगाला दाखविली. कारखानदारांनी ती मर्यादा गाठलीही. पण मोजमाप कुठे घेतले, हे पाहा. ते धुराड्यापाशी घेतले. झाड आणि शेत यांचे नुकसान हा कायद्याचा विषय होता. भट्टीपाशी उभा असलेला माणूस हा त्याचा विषय नव्हता.

पुढे काय झाले तेही पाहा. शोषून घेतलेले आम्ल आता पिंपांनी साठू लागले. बरेचसे ओढ्यांत सोडले गेले. तिथे ते सोड्याच्या टाकाऊ राखेशी मिळाले की सडक्या अंड्याचा वास मारणारा विषारी वायू निघे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस वेल्डन आणि डीकन यांनी या आम्लातून क्लोरिन काढण्याच्या स्वस्त रीती शोधल्या. क्लोरिन चुन्यात जिरविला की विरंजक चूर्ण होते, आणि त्याला कापडगिरण्यांची अमाप मागणी होती. जो वायू काल उपद्रव होता, तो आज नफा झाला. पण ते चूर्ण शिशाच्या खोल्यांतून उकरून पिंपांत भरावयाचे काम माणसांनीच करावयाचे होते. ते कामगार तोंडानाकावर फ्लॅनेलच्या कित्येक घड्या आवळून बांधीत, डोळ्यांना चष्मे लावीत, आणि तशा अवस्थेत क्लोरिनने भरलेल्या खोलीत फावडे चालवीत. मिठाच्या भट्टीवर काम करणाऱ्यांचे दात आम्लाच्या वाफेने झिजून जात. रॉबर्ट शेरर्ड या पत्रकाराने १८९७ मध्ये इंग्लंडातल्या गोऱ्या गुलामांविषयी पुस्तक लिहिले, त्यात या अल्कली कामगारांचे प्रकरण आहे. ज्या कायद्याने लॉर्डसाहेबांची झाडे वाचविली, त्याच कायद्याने पकडलेला वायू भिंतीच्या आत कामगाराच्या छातीत गेला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

दातांची ही गोष्ट इंग्लंडपुरती किंवा त्या शतकापुरती समजू नका. मोटारीच्या बॅटऱ्या भारित करण्याच्या खात्यात गंधकाम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत तरंगतात आणि तिथे दीर्घकाळ काम करणाऱ्यांचे समोरचे दात झिजतात, हे व्यवसायजन्य रोगांच्या वैद्यकात सुप्रसिद्ध आहे. समोरचेच का? कारण बोलताना आणि तोंडाने श्वास घेताना ओठांबाहेर तेच उघडे पडतात.

शास्त्राकडे परत वळू. स्वीडनमध्ये स्वांटे आर्‍हेनियस या तरुणाने १८८४ साली उप्साला विद्यापीठाला प्रबंध सादर केला. परीक्षकांना तो पटला नाही आणि त्याला हलकी श्रेणी मिळाली. त्याचे म्हणणे असे की, क्षार, आम्ले आणि अल्कली पाण्यात विरघळली की त्यांचे विद्युत्भारित तुकडे होतात, त्यांना आयन म्हणतात. हायड्रोजनचा आयन सोडते ते आम्ल. ज्याचे बहुतेक सर्व रेणू असे फुटतात ते तीव्र आम्ल, थोडेच फुटतात ते सौम्य. १९०३ मध्ये त्याच माणसाला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोजावयाची वस्तू आता सापडली होती, ती म्हणजे हायड्रोजनचा आयन.

तिला मोजपट्टी मिळाली ती डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, आणि तीही एका बिअरच्या कारखान्यात. कार्ल्सबर्ग कारखान्याचा मालक याकोब्सेन याने १८७५ मध्ये प्रयोगशाळा काढली होती. तिच्या घटनेत त्याने एक कलम घातले की, इथे लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवू नये. शोधावर कुलूप लावून बसणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून या कलमाचा उल्लेख मुद्दाम करतो. या प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचा प्रमुख सोरेन्सेन होता. किण्वनाचे काम करणारी विकरे म्हणजे एन्झाइम आम्लतेच्या बाबतीत फार नाजूक असतात, थोडा फरक झाला की त्यांचे काम मंदावते. ही आम्लता सांगावयाची कशी?

सोरेन्सेनने १९०९ साली दिलेले उत्तर सोपे आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयनांचे प्रमाण एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग एवढे असते. एक कोटी या संख्येत एकावर सात शून्ये आहेत. ती सात शून्येच मोजा आणि म्हणा, शुद्ध पाण्याचा आकडा सात. लिंबाच्या रसात हे प्रमाण एका ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. शंभरात दोन शून्ये, म्हणून लिंबाचा आकडा सुमारे दोन. याच आकड्याला पीएच म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला तो सामू या नावाने माती परीक्षणाच्या कागदावर भेटतो. आकडा सातापेक्षा कमी तर आम्ल, जास्त तर अल्कली. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही पट्टी शून्यांची असल्यामुळे एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. सामू साताचा सहा झाला तर आम्लता दहापट वाढली, आणि केवळ ०.३ ने उतरला तर दुप्पट झाली.

सोरेन्सेनला आपल्या प्रयोगांत सामू स्थिर ठेवावयाचा होता. त्यासाठी त्याने जी द्रावणे वापरली त्यांना बफर म्हणतात. आगगाडीच्या डब्याच्या टोकाला जो बफर असतो, तोच हा शब्द. धक्का बसतो, पण तो बफर पोटात घेतो आणि आतला प्रवासी हलत नाही. सौम्य आम्ल आणि त्याच आम्लाचा क्षार एकत्र ठेवले की असे द्रावण तयार होते. बाहेरून आम्ल आले तर क्षार ते पकडतो. अल्कली आली तर सौम्य आम्ल तिला तोंड देते. एक लिटर शुद्ध पाण्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच थेंब टाकला तर सामू सातावरून तीन-साडेतीनपर्यंत कोसळतो. तेवढ्याच रक्तात तोच थेंब पडला तर सामू जवळजवळ हलत नाही.

आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान असतो. या चिंचोळ्या पट्टीत तो कसा राहतो, याचे गणित अमेरिकेत हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसनने १९०८ च्या सुमारास मांडले आणि कोपनहेगनच्या हासलबाल्खने १९१६ मध्ये ते सामूच्या भाषेत लिहिले. शरीरात जे जळते त्यातून दिवसाकाठी अर्ध्या किलोहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. तो रक्तात विरघळला की कार्बनिक आम्ल होते. त्याचा जोडीदार क्षार म्हणजे बायकार्बोनेट, आपल्या खाण्याच्या सोड्यातलाच भाग. रक्तात एक भाग विरघळलेल्या वायूमागे वीस भाग बायकार्बोनेट असते, आणि हे एकास वीस प्रमाण टिकले की सामू ७.४ टिकतो. एका बाजूचा ताबा फुप्फुसांकडे, ती वायू बाहेर टाकतात. दुसऱ्या बाजूचा मूत्रपिंडांकडे, ते बायकार्बोनेट राखतात. फुप्फुसे मिनिटांत काम करतात, मूत्रपिंडांना दिवस लागतात.

सामू मोजण्याचे काम सोरेन्सेनच्या काळी किचकट होते. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात आर्नल्ड बेकमनने काचेच्या इलेक्ट्रोडला जोडलेले सुटसुटीत यंत्र बनविले. कशासाठी? लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजावयाचा होता म्हणून. शिरका, कापड, बिअर, लिंबू. दोनशे वर्षे आम्लाचे मोजमाप मालासाठी होत आले. ते माणसासाठी निर्णायक ठरले त्या घटनेकडे आता येतो.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात काही महिन्यांत अडीच हजारांहून अधिक रुग्ण दाखल झाले. त्यांतल्या तीनशेच्या वर लोकांचे गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडले होते. संपूर्ण शरीर आत घेणारे श्वसनयंत्र रुग्णालयात एकच होते, छातीवर बसवावयाची लहान यंत्रे सहा. अशा रुग्णांपैकी दहांतले आठ-नऊ दगावत होते, आणि त्यांत मुले पुष्कळ होती.

डॉक्टर रक्त तपासत होते. पण ते काय मोजत होते? रक्तातल्या कार्बन डाय-ऑक्साइडची एकूण बेरीज, म्हणजे विरघळलेला वायू आणि बायकार्बोनेट मिळून. ही बेरीज फार वाढलेली दिसे. त्यांनी अर्थ लावला की बायकार्बोनेट वाढले आहे, रक्त अल्कलीकडे झुकले आहे, आणि याचे कारण कळत नाही. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेनला सल्ल्यासाठी बोलाविले तेव्हा त्याने मृतांची फुप्फुसे पाहिली. ती निकामी नव्हती. त्याने सांगितले की हे रुग्ण पुरेसा श्वास टाकू शकत नाहीत, वायू आत कोंडतो आहे, आणि त्यांचे रक्त आम्ल झाले आहे. एकाच आकड्याचे हे दोन अर्थ झाले, एकमेकांच्या अगदी विरुद्ध. कोणता खरा, हे बेरीज सांगू शकत नव्हती. सामू मोजला तरच ते कळणार होते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा प्रमुख पॉल आस्ट्रूप याने रक्ताचा सामू मोजला. रक्त आम्ल होते.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी इब्सेनने एका बारा वर्षांच्या मरणोन्मुख मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यात नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. कोंडलेला वायू बाहेर पडू लागला आणि ती मुलगी वाचली. मग प्रश्न आला की शेकडो रुग्णांना दिवसरात्र पिशवी कोण दाबणार? यंत्रे नव्हती, हात होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना बोलाविले. पाळ्या लावल्या. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून एकूण सुमारे १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण अशा हातांवर जगत होते. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात जो अतिदक्षता विभाग असतो, त्याची सुरुवात या पाळ्यांत झाली, आणि तिथे रक्ताचा सामू मोजणारे जे यंत्र असते ते आस्ट्रूपच्या कामाचे वंशज आहे. ज्या शहरात बिअरसाठी ही पट्टी तयार झाली, त्याच शहरात त्रेचाळीस वर्षांनी ती मुलांच्या प्राणांसाठी वापरली गेली. याकोब्सेनचे ते कलम आठवा. शोध कुलपात राहिला असता तर?

या हकिकतीतून कामगारांनी आणि नागरिकांनी दोन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते.

पहिली गोष्ट बफरविषयी. बफर धक्का पोटात घेतो म्हणून बाहेरून सर्व ठीक दिसते. पण त्याची कुवत मर्यादित असते. आम्ल घालीत राहिलात तर पकडणारा क्षार हळूहळू संपत येतो, आणि तो संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही. मग तो एकदम कोसळतो. पोलिओच्या रुग्णांचे मूत्रपिंड बायकार्बोनेट साठवून झुंजत होते. त्या झुंजीनेच बेरीज वाढून डॉक्टरांची दिशाभूल झाली. म्हणून जो कारखानदार म्हणतो, "आमचे कामगार रोज हजर असतात, अर्थी हवा चांगली आहे," त्याला सांगावे की माणूस उभा आहे एवढ्यावरून त्याच्या शरीराने किती सोसले हे कळत नाही. ते मोजावे लागते.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या जागेविषयी. संघटनेच्या कामासाठी मी अनेक रंगखात्यांतून फिरलो. रंगाच्या टाकीचा सामू पाळीत कित्येकदा तपासून वहीत लिहिलेला असे, कारण तो चुकला तर कापडावर रंग डागाळतो. त्या टाकीवर वाकलेल्या माणसाच्या नाकापाशी हवेत काय आहे, याची वही मला एका खात्यात विचारूनही मिळाली नाही. मोजण्याची विद्या तिथे होती, साधने होती, मोजणारा माणूसही होता. विचारणा नव्हती. १९८४ मध्ये भोपाळला हजारो माणसे मेली, त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामाच्या जागेच्या हवेत विषारी द्रव्ये किती असू द्यावीत याचे आकडे आपल्या देशात कायद्याच्या परिशिष्टात आले. गंधकाम्लासाठी तो आकडा घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम असा होता. १८६३ मध्ये धुराड्यासाठी आकडा ठरला. आपल्याकडे भट्टीजवळच्या माणसासाठी तो ठरायला आणखी १२४ वर्षे जावी लागली.

आकडा कायद्यात लिहिला म्हणजे तो कोणी मोजतोच असे नाही. त्यासाठी त्या खात्यात काम करणाऱ्या माणसाला आकड्याचा अर्थ कळला पाहिजे, आणि वही दाखवा असे त्याने म्हटले पाहिजे. एक कोटीतली शून्ये मोजता येतात त्याला सामू कळतो. त्याला पदवी लागत नाही. आपल्या गावात आम्लाचा, रंगाचा, बॅटरीचा, चामड्याचा जो काही कारखाना असेल, तिथल्या माणसांना घरी गेल्यावर एवढेच विचारा की तुमच्या खात्यात हवा कधी मोजली होती, ती कुठे उभे राहून मोजली, आणि आकडा किती आला. ते माहीत नाही म्हणाले, तर पुढच्या सभेला त्यांना बरोबर घेऊन या.